आबालालांचं पाणी

आबालाल रहिमान यांचं नाव काढलं की कोल्हापुरात कुणीही एकच गोष्ट सांगतो. शाहू महाराज गेले, आबालालांचं मन उडालं आणि त्यांनी आपली हजारो चित्रं कोटीतीर्थ तलावात सोडून दिली. रिक्षावाला सांगतो, प्राध्यापक सांगतो, प्रदर्शनाची फीत कापायला आलेला पाहुणा तर हमखास सांगतो आणि सांगताना त्याचा आवाज जड होतो. मला ही गोष्ट आवडत नाही. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती ज्या थाटात सांगितली जाते त्यात चित्रकार उरतच नाही. उरतो एक दुःखी फकीर. आणि ज्या गावात तो राहिला त्या गावाची अलगद सुटका होते. त्यानंच बुडवली ना चित्रं? मग आपण काय करणार!

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर सकाळी जलरंगांची पेटी, पाण्याची बाटली आणि घडीचं स्टूल घेऊन बाहेर पडायची सवय लागली. कोल्हापुरात गाणाऱ्याला जसे अल्लादिया खाँसाहेब टाळता येत नाहीत, तसे निसर्गचित्र करणाऱ्याला आबालाल टाळता येत नाहीत. तुम्ही जिथं स्टूल मांडाल तिथं ते आधी बसून गेलेले असतात.

त्यांचं घराणं कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्यांचं. बोरूचा टाक किती दाबायचा, कुठं उचलायचा, ही शिस्त त्या घरात लहानपणापासून कानावर आणि हातावर पडलेली असणार. त्यांची रेषा बघताना मला ती शिस्त दिसते; कुणी म्हणेल मास्तरणीला सगळीकडं शिस्तच दिसते, तर म्हणो. १८८०च्या दशकात ते मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. त्या काळात जे. जे.मधून बाहेर पडलेल्या हुशार मुलापुढं सरळ वाट होती. मुंबईत राहायचं, शेठजींची, साहेबांची तैलचित्रं करायची, नाव आणि पैसा मिळवायचा. आबालाल कोल्हापूरला परत आले. पुढं शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं, शिकारीला सोबत नेलं, शिकारीचे प्रसंग रंगवून घेतले. पण दरबाराची नेमणूक असूनही हा माणूस खरा राहिला तो कोटीतीर्थाच्या काठाला. तिथलं पाणी, रंकाळा तलावातला संध्यामठ, पहाटेचं धुकं, मावळतीचा उजेड, पाण्यात उतरलेली गुरं. ६ मे १९२२ला महाराज मुंबईत वारले. आबालाल १९३१ साली गेले.

मधल्या त्या नऊ वर्षांवर आपण सगळे भाळलेलो आहोत. महाराज जाण्याआधीची तीसेक वर्षं कुणी सांगत नाही. त्या वर्षांत गोष्ट नाही ना! एक माणूस रोज उठून त्याच तळ्याकडं जातो आणि हाती असेल त्या कागदावर पुन्हा तेच पाणी काढतो, यात सांगण्यासारखं काय आहे? मला विचाराल तर सगळंच त्यात आहे.

हल्ली प्रदर्शनांच्या पत्रिकांवर चित्रकाराच्या नावाखाली एक ठरलेला मजकूर असतो. निसर्ग ही त्यांची प्रेरणा, भावना हे त्यांचं माध्यम, संकटांवर मात करण्याची जिद्द हे त्यांचं बळ. ओळखीतल्या कितीतरी चांगल्या चित्रकारांच्या पत्रिकांवर मी हे वाचलंय आणि प्रत्येक वेळी वाटलंय, अहो, या तीन वेगळ्या बरण्या नाहीत. सकाळी उठून नेमून दिलेल्या जागी जाऊन बसणं, एवढी एकच गोष्ट असते. बाकीचं त्यातून होतं, किंवा होत नाही. माझ्याकडं येणाऱ्या मुली म्हणतात, ‘बाई, आज मूडच नाही.’ मी म्हणते, मूड नको आणूस, कागद आण.

थोडं स्वतःचं सांगते, कारण त्याशिवाय हे नुसतं उपदेशासारखं वाटेल. माझे यजमान आजारी होते तेव्हा मला सकाळचा एखादाच तास मिळायचा. बदली बाई घरी येऊन थांबायच्या, तेवढ्यात जाऊन यायचं. पंचगंगेचा घाट लांब, कळंबा तलाव त्याहून लांब. जवळ काय, तर रंकाळा. उन्हाळा होता. संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात बुडतो आणि पाणी उतरायला लागलं की हळूहळू वर येतो, हे कोल्हापुरात पोराटोरांना माहीत आहे. पण ते रोज बसून बघणं वेगळं. आज एक दगडी थर दिसतोय, चार-सहा दिवसांनी त्याखालचा ओला, काळपट, शेवाळलेला थर. मी तोच मठ काढत राहिले. त्या चित्रांत दुःख बिःख काही आणायचं मी ठरवलं नव्हतं. ठरवून ते येतही नाही. ठरवून आणलं की नाटकी जांभळा ढग होतो. मी फक्त पाणी कुठवर उतरलं ते बघत होते. आता ते कागद काढून बघितले की कुठल्या सकाळी रिपोर्ट वाईट आला होता ते मला रंगातल्या पाण्यावरून कळतं. बघणाऱ्याला मात्र संध्यामठच दिसतो, आणि तसंच असायला पाहिजे.

म्हणून मला वाटतं की चित्रकाराला तगवणारी गोष्ट त्याच्या आत फारशी नसते, बाहेर असते. रोज जाता येईल अशी जागा, रोज थोडी बदलणारी आणि तरी तीच राहणारी. आबालालांना कोटीतीर्थानं तगवलं. आपण ‘जिद्द’ म्हणून त्यांच्या गळ्यात जो हार घालतो, त्यातला निम्मा त्या तळ्याच्या गळ्यात पडायला हवा.

आणि त्या तळ्याचं, त्याच्या भावंडांचं आपण काय केलं?

कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. आज ज्याला आपण गांधी मैदान म्हणतो ते वरुणतीर्थ. कपिलतीर्थ बुजलं आणि तिथं मंडई आली. पिशवीत मेथीची जुडी टाकताना आपण तळ्यात उभे आहोत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. फुटबॉलचं वेड असलेल्या या गावात शाहू स्टेडियमवर जी गर्दी उसळते, ती रावणेश्वराच्या तळ्यावर बसलेली असते. त्या त्या वेळी त्यामागं कारणं असतील. साठलेलं पाणी, डास, रोगराई, वाढतं गाव, मोकळ्या जागेची गरज. मी आजच्या सोयीनं जुन्यांना शिव्या घालणार नाही, फुटबॉल तर मलाही आवडतो. पण पाणी विसरत नाही. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात तळं साचतं, पेपरात फोटो येतो, ‘मैदान की तलाव’ असा मथळा येतो. तलावच आहे, दुसरं काय!

जी तळी उरली त्यांचं दुखणं वेगळं. रंकाळा आणि कोटीतीर्थ दोन्ही जिवंत आहेत, नकाशावर आहेत, काठाला फरसबंदी आहे, दिवे आहेत. पण गेल्या काही वर्षांत अनेक महिने मला त्यांचं चित्र काढता येत नाही. यात भावनेचा भाग नाही, शुद्ध तांत्रिक अडचण आहे, ती समजावून सांगते.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. पाणी रंगवताना आपण खरं तर पाणी रंगवतच नाही. आकाश रंगवतो, काठावरचं झाड उलटं रंगवतो, आणि जिथं उजेड चमकतो तिथं कागद सोडतो. ओल्या कागदावर अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना सोडायचा, तो खाली पसरू द्यायचा, आणि हात आवरायचा. हात आवरणं हीच यातली विद्या. पण हे सगळं चालतं पाण्याला प्रतिबिंब असलं तर. केंदाळानं भरलेल्या तळ्याला प्रतिबिंब नसतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सपाट हिरवी चादर, तिच्यावर आकाश उमटत नाही, झाड उमटत नाही, मठ उमटत नाही. सॅप ग्रीनची ट्यूब पिळली की झालं चित्र.

हे केंदाळ आभाळातून पडत नाही. सांडपाण्याबरोबर नत्र आणि स्फुरद येतं, साबणाच्या भुकटीतून येतं. शेतात आपण विकत घेऊन टाकतो तेच खत इथं तळ्याला फुकट मिळतं. मग वनस्पती माजते, उजेड खाली जाऊ देत नाही, मरते, कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. रात्रभर तो कमी कमी होत जातो आणि पहाटे सर्वांत कमी असतो. म्हणून मेलेले मासे सकाळी फिरायला जाणाऱ्यांना दिसतात. आबालाल ज्या वेळेला काठावर बसत असतील त्याच वेळेला. कोटीतीर्थावर गळ टाकून बसणारे एक मामा मला एकदा म्हणाले, ‘बाई, तुम्ही चित्र काढताय तर नाकाला रुमाल बांधलेला पण दाखवा.’ मी हसले, पण परतताना डोक्यातून ते जाईना. वासाचं चित्र कसं काढणार?

असं सगळीकडंच असतं, असं म्हणून काही जण खांदे उडवतील. सगळीकडं नसतं. आबालाल कोटीतीर्थाच्या काठावर बसत होते त्याच काळात फ्रान्समध्ये क्लोद मोने नावाचा चित्रकार एका तळ्याकडं बघत बसला होता. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं काही कारण नव्हतं. मोने १८८३मध्ये जिव्हर्नी गावात राहायला गेला आणि १८९३मध्ये जमीन घेऊन त्यानं कमळांचं तळं करायला घेतलं. परदेशी झाडांनी पाणी विषारी होईल म्हणून गावकऱ्यांनी तक्रार केली होती, म्हणजे शेजारी सगळीकडं सारखेच. तळ्याचं पाणी आरशासारखं राहावं म्हणून त्यानं खास माळी ठेवला. पुढं बायको गेली, मुलगा गेला, पहिलं महायुद्ध जवळ येऊन ठेपलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, रंग तांबूस-पिवळे दिसायला लागले. १९२३मध्ये शस्त्रक्रिया झाली. १९२६मध्ये जाईपर्यंत तो तेच तळं रंगवत होता. त्याची ती भव्य कमळचित्रं १९२७मध्ये पॅरिसच्या ऑरांजरीत लागली.

हे झालं चित्रकाराचं. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जिव्हर्नीचं ते तळं ओस पडलं, काठ ढासळले, बागेत रान माजलं. तेव्हा चित्रं संग्रहालयात सुखरूप आहेत ना, मग डबक्याचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणालं नाही. देणगीदारांकडून पैसा उभा केला, तळं पुन्हा खोदलं, काठ बांधले, जुन्या नोंदी बघून तीच झाडं लावली आणि १९८० साली ते लोकांना खुलं केलं. आज जग तिकडं जातं. मोनेकडं पैसा होता, तळं त्याच्या मालकीचं होतं, हे मान्य. आबालालांच्या मालकीचं काहीच नव्हतं. पण याचा अर्थ उलटा होतो: कोटीतीर्थ सार्वजनिक आहे, म्हणजे ते आपल्या सगळ्यांच्या मालकीचं आहे, आणि त्याचा माळी आपणच.

आपल्याला जमत नाही असंही नाही. याच गावात अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतलं आपलं ‘निसर्ग’ नावाचं घर आणि आपली चित्रं शासनाच्या हवाली केली. पडद्यावरचा राजबिंडा माणूस, पण काढायचा डोंगर, ओढे, झाडं. आज तिथं जाऊन कुणीही ती बघू शकतं. याच गावानं गणपतीचं विसर्जन पंचगंगेत करायचं सोडून ‘इराणी खण’ या जुन्या दगडखाणीकडं वळवलं. आधी केवढी ओरड झाली होती! आता लोक स्वतःहून तिकडं ट्रॅक्टर वळवतात. म्हणजे ठरवलं की होतं.

मला जास्त काळजी मुलांची आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. विषय येतो: पावसाळ्यातलं दृश्य, नदीकाठ, बाजार. स्मरणातून काढायचं, म्हणजे आधी पाहिलेलं असलं पाहिजे, अशी त्यामागची भाबडी अपेक्षा. प्रत्यक्षात मुलं गाईडमधलं एक ठरीव चित्र घोकून येतात. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, सूर्यातून निघालेली नदी, नदीत होडी, इंग्रजी एम आकाराचे पक्षी. शेकडो उत्तरपत्रिकांत तीच होडी. शिक्षकांना नावं ठेवणं सोपं आहे आणि मी त्यातलीच असल्यामुळं मला तर फारच सोपं आहे. पण खरं विचारायचं तर मुलानं नदी कुठं बघायची? पंचगंगा बघायची तर २०१९चा आणि २०२१चा महापूर त्यानं बघितलाय, दुसऱ्या मजल्यावरून, बोटीत बसून. ती त्याची खरी नदी. तीच काढ म्हटलं तर एका मुलानं तपकिरी रंगानं सबंध कागद भरला आणि वरच्या कोपऱ्यात विजेच्या खांबाचं टोक काढलं. मी त्याला वर्गात सर्वांत जास्त मार्क दिले. त्याच्या आईला वाटलं, बाईंनी चुकून दिले.

असं बघणारं मूल तयार व्हायचं तर त्याला काठावर बसवायला लागतं. आणि काठावर बसवायचं तर काठ बसण्याजोगा लागतो. सुशोभीकरण म्हणून आपण जे करतो त्यात कठडा उंच होतो, रंगीत कारंजं येतं, ‘झाडे लावा, पाणी वाचवा’ असं लिहून भिंतीवर मोर रंगवला जातो, सेल्फीसाठी ‘आय लव्ह’ची अक्षरं उभी राहतात. पाण्याजवळ उतरून शांत बसावं अशा दोन पायऱ्या मात्र मिळत नाहीत. मोर रंगवायला माझ्याच विद्यार्थ्यांना बोलावतात, पोरांना चार पैसे मिळतात, म्हणून मी गप्प बसते. पण तळ्याला पाठ करून, भिंतीकडं तोंड करून मुलं निसर्ग रंगवत बसलेली असतात, ते बघून कसंसंच होतं.

आबालालांच्या नावानं या गावात स्मृतिदिन होतात, पुरस्कार दिले जातात, चित्रकारांच्या मैफली भरतात. ते सगळं चालू राहू दे. पुतळा, कमान, चौकाला नाव यांची मागणी मात्र कुणी करू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. मागायचंच असेल तर साध्या गोष्टी मागूया. उरलेल्या चित्रांच्या चांगल्या छापील प्रती शहरातल्या प्रत्येक शाळेत लागाव्यात, आणि त्यांच्याखाली ती कुठं बसून काढली ती जागा लिहिलेली असावी, म्हणजे मुलाला तिथं जाऊन उभं राहता येईल. रंकाळा आणि कोटीतीर्थाच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला काठावरच्या फलकावर लागावेत, जसे पुराच्या दिवसांत राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण रोज वाचतो. गावाला तो फूट-इंचाचा आकडा बरोबर कळतो. चहाच्या टपरीवर त्यावर चर्चा होते. पाण्यातल्या प्राणवायूचा आकडाही कळेल, एकदा सवय लागली की.

आणि केंदाळ. ते काढतात, काढत नाहीत असं नाही. पोकलेन येतं, माणसं छातीएवढ्या पाण्यात उतरतात, दोन-चार दिवस फोटो येतात. मग ते काढलेलं केंदाळ काठावरच ढीग करून ठेवलेलं असतं. तिथंच कुजतं, त्याचा रस परत तळ्यात झिरपतो, आणि वळवाचा एक चांगला पाऊस झाला की अर्धा ढीग वाहून जिथून आला तिथं जातो. त्याचं कंपोस्ट करून गावातल्या बागांना घालता येईल, निदान त्याच दिवशी गाडीत भरून नेता येईल. नाल्यांचं पाणी तळ्याबाहेर वळवायची मोठी कामं निधी मिळेल तेव्हा होतील. ढीग उचलायला फक्त एक ट्रॅक्टर लागतो.